चित्रपटातील लोकगीताची ओळख : एका देखणीचे उदाहरण

नाशिक जिल्ह्यातील ओझर येथे चंपाषष्ठीला खंडोबाची यात्रा भरते. जागरणात वाघ्या-मुरळी जी पदे गातात, ती कोणी रचली असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. याच ओझरला १९६४ साली मिग विमानांच्या कारखान्याची स्थापना झाली आणि निरनिराळ्या भाषा बोलणारी कुटुंबे तेथे वसतीस आली. अशा गावी जागरणाची पदे आणि चित्रपटगीते एकाच कानावर पडतात. एखाद्या चित्रपटगीताचे ध्रुपद मनात घर करून राहते, ते फार जुने असावे असे वाटते; मात्र ते कोठले, हे सांगता येत नाही.

मूळ शोधताना प्रथम चालीकडे लक्ष जाते, आणि तेथेच फसगत होते. चाल एका भाषेतून दुसऱ्या भाषेत विनासायास जाते आणि वाद्यवृंद तिची लयही बदलून टाकतो. त्यामानाने सर्वनामे, विभक्तिप्रत्यय, नकारवाचक शब्द आणि क्रियापदांची रूपे ही अधिक चिवट असतात. ओझरच्या उत्तरेस कळवण-बागलाणकडे गेल्यास षष्ठीचे 'ना-नी-नं' आणि 'आहे' याऐवजी 'शे' ही अहिराणीची रूपे आढळतात. गीतात ती आली, तर ते खानदेश-बागलाणच्या बाजूचे, हे अनुमान एका शब्दावरूनही करता येते.

राज कपूर यांच्या १९७३ सालच्या 'बॉबी' या हिंदी चित्रपटातील, विठ्ठलभाई पटेल यांनी लिहिलेले आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी संगीत दिलेले एक समूहगीत या दृष्टीने उद्बोधक आहे. त्याच्या ध्रुपदात 'घे' या आज्ञार्थाची आवृत्ती होते. हिंदीत येथे 'ले' यावयास हवे होते. तेव्हा हा तुकडा बाहेरून आला, हे उघड आहे. मराठी श्रोत्याला तो एखाद्या कोळीगीताचा वाटण्याचा संभव आहे, कारण 'घे' हे रूप मराठी व कोंकणी या दोहोंतही आहे. मूळ गीत मात्र कोंकणी आहे. ती गोव्यातील एक देखणी होय. देखणी हे घुमटाच्या साथीवर गायिले जाणारे नृत्यगीत. ख्रिस्ती समाजाने जोपासलेल्या या प्रकारात हिंदू कलावंतिणीच्या जीवनाचे चित्र येते. या देखणीतील कलावंतीण दामूच्या लग्नाला जाण्यासाठी नावाड्यास पैलतीरी पोहोचविण्याची विनवणी करते, अंगावरचे दागिने देऊ करते, आणि नावाडी ते नाकारतो.

त्या नकारातच गीताची ओळख दडलेली आहे. मराठीतील 'मला नको' येथे 'माका नाका' असे आहे. 'मी' या अर्थी 'हांव' आहे. हे रूप संस्कृत 'अहम्'च्या विस्तारित 'अहकम्' या रूपावरून आले, तर मराठी 'मी' तृतीयेच्या रूपातून आला. 'जाते' या अर्थी येणारे 'वेतां' हे 'वच' धातूचे. तो जुन्या मराठीतही होता आणि पुढे लोपला. चित्रपटात 'घे' राहिले, नकाराचे शब्द मात्र हिंदी झाले, आणि नावाड्याने नाकारलेले सोने प्रेमात सौदा नसतो या कल्पनेत विरघळले. रूपांतर कुशल आहे यात शंका नाही. पण ओळख पटविणारी नेमकी तीच रूपे त्यात गळाली.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. लोकगीत म्हणून मिरविणाऱ्या या रचनेला कर्ता आहे. तिचे श्रेय कार्लुश एउजेनियु फेरैर (१८६०–१९३२) यांना दिले जाते. ती १८९५ साली पॅरिस येथे आणि १९२६ साली गोव्यातील रांगेल मुद्रणालयात छापली गेली. लोकांच्या तोंडी बसलेल्या गीताचा कर्ता विस्मरणात जातो, आणि 'पारंपरिक' हा एक शब्द त्या विस्मरणावर शिक्का मारतो. प्रभातच्या 'संत तुकाराम' (१९३६) या चित्रपटातील बीज-वृक्षाचा अभंग अनेकांनी तुकोबांचाच मानला. तो शांताराम आठवले यांचा. गाथेत पाहिले असते, तर शंका तेव्हाच फिटली असती.

जात्यावरच्या ओव्यांना गाथेसारखा आधार आता काही प्रमाणात उपलब्ध आहे. हेमा राईरकर व गी प्वातव्हँ यांच्या पुढाकाराने गावोगावच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. चित्रपटातील ओवी त्यांच्याशी ताडून पाहता येते. मात्र अशा तुलनेत एकच शब्द जुळला म्हणून हर्षित होऊ नये. 'बंधुराया', 'माउली' यांसारखी संबोधने शेकडो ओव्यांत येतात. जुळणी प्रदेशविशिष्ट रूपांची हवी.

जागरणाच्या पदांचे तसे नाही. ती बहुतांशी गायकांच्या मुखीच असतात. जागरणाच्या आरंभी देवदेवतांना त्यांच्या ठाण्यांची नावे घेऊन पाचारण केले जाते. चित्रपटात वेळेच्या बचतीसाठी प्रथम कात्री लागते ती याच भागाला, आणि गायक कोणत्या मुलखात फिरतो याचा उत्तम पुरावा त्यातच असतो. ओझरच्या यात्रेत ध्वनिमुद्रण करणाऱ्याने म्हणून मुरळीचे गोड पद सुरू होण्याची वाट न पाहता, डिमडीवर पहिली थाप पडते तेव्हाच यंत्र सुरू करावे, आणि गायकाचे नाव, गाव व तिथी त्याच्याच तोंडून त्यावर घ्यावी.