विमानांच्या वाटा का बदलतात?

ज्या घरावरून वर्षानुवर्षे क्वचितच विमान गेले, त्या घरावरून एखाद्या सकाळी दर दोन-तीन मिनिटांनी विमान जाऊ लागले, म्हणजे घरातील माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो असा, की कोणीतरी कोठल्यातरी दप्तरात बसून, आपणांस न विचारता, आकाशातील वाट बदलण्याचा हुकूम काढला असला पाहिजे. हा संशय अस्वाभाविक नाही. कारण झोप मोडणारा, संभाषण तोडणारा आणि आजारी माणसाला अस्वस्थ करणारा तो आवाज खरा असतो. परंतु मुंबईच्या विमानतळापुरते बोलावयाचे तर या संशयाच्या बुडाशी असलेल्या बहुतेक समजुती वस्तुस्थितीला धरून नाहीत, आणि त्या दूर झाल्याखेरीज ज्या तक्रारी रास्त आहेत त्यांचीही दाद लागणे कठीण आहे.

सर्वांत खोलवर रुजलेली समजूत अशी, की विमानाची वाट म्हणजे लोहमार्गाप्रमाणे एकदाच घालून दिलेली रेषा, आणि ती बदलली याचा अर्थ कोणीतरी ती मुद्दाम हलवली. वस्तुतः विमानतळाजवळच्या वाटा अनेक असतात, त्या आगाऊ आखून प्रसिद्ध केलेल्या असतात, आणि त्यांपैकी कोणती कोणत्या घटकेस वापरावयाची हे प्रथमतः वारा ठरवतो. विमानास उचलून धरणारे बल पंखांवरून वाहणाऱ्या हवेच्या वेगावर अवलंबून असते, जमिनीवरील चाकांच्या वेगावर नव्हे. त्यामुळे ज्या विमानाला उड्डाणासाठी हवेच्या सापेक्ष ताशी २५० किलोमीटर वेग लागतो, ते समोरून ताशी ३० किलोमीटर वारा येत असता जमिनीवर २२० किलोमीटरचा वेग गाठताच उचलले जाते, आणि तोच वारा पाठीमागून आला तर त्याला २८० किलोमीटरचा वेग गाठावा लागतो. वेग वाढला की थांबण्यास लागणारे अंतर त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि धावपट्टीची लांबी तर ठरलेली. म्हणून उड्डाण असो वा अवतरण, ते शक्यतो वाऱ्याला सामोरे जाऊनच करावयाचे, हा जगभरचा शिरस्ता आहे. पाठीमागचा वारा थोडा असेल तर चालतो. पण तो दहा-पंधरा नॉटांच्या, म्हणजे ताशी सुमारे १८ ते २८ किलोमीटरांच्या पुढे गेला, की बहुतेक प्रवासी विमानांना त्या दिशेने उतरण्याची मुभाच राहत नाही.

"पण आज तर आकाश स्वच्छ आहे, पानही हलत नाही," असे अशा वेळी कोणी म्हणते. इमारतींच्या आडोशाला असलेल्या गच्चीवरचा वारा आणि धावपट्टीशेजारी मोकळ्या जागेत, दहा मीटर उंचीच्या खांबावर मोजलेला वारा यांत पुष्कळ अंतर असते. त्याहूनही वर, विमान उतरत येते त्या थरांत, वाऱ्याची दिशा आणखी निराळी असू शकते. आकाश निरभ्र असणे हा वारा अनुकूल असल्याचा दाखला होऊ शकत नाही.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर दोन धावपट्ट्या असून त्या एकमेकींना छेदतात, आणि पुष्कळ गैरसमजांचे मूळ या एका गोष्टीत आहे. मुख्य पट्टी पूर्व-पश्चिम असून तिच्या दोन टोकांना ०९ आणि २७ हे क्रमांक आहेत. दुसरी वायव्येकडून आग्नेयेकडे जाणारी, तिचे क्रमांक १४ आणि ३२. होकायंत्रावरील अंशांतून शेवटचा अंक गाळून हे क्रमांक सिद्ध होतात: २७ म्हणजे सुमारे २७० अंश, अर्थात पश्चिमेकडे तोंड. पट्ट्या दोन आहेत म्हणून त्या दोन्हींवर एकाच वेळी वाहतूक चालत असेल, असे पुष्कळांना वाटते. परंतु त्या छेदत असल्यामुळे व्यवहारात एका वेळी एकीचाच उपयोग होतो, आणि मुख्य पट्टीवर गर्दीच्या तासाला चाळीसहून अधिक विमानांची ये-जा होते. समुद्रावरचा पश्चिमेचा वारा वर्षाचा बराच भाग वाहत असल्याने विमाने ठाण्याच्या खाडीवरून, घाटकोपर-कुर्ल्याच्या डोक्यावरून येऊन पश्चिमाभिमुख उतरतात, आणि विलेपार्ले-जुहूवरून अरबी समुद्राकडे उड्डाण करतात. ही वहिवाट इतकी नित्याची झाली आहे की तीच कायमची व्यवस्था आणि बाकी सारी गैरव्यवस्था, असे लोक धरून चालतात.

मुख्य पट्टी बंद झाली, की चित्र तासाभरात पालटते. १ जुलै २०१९ च्या रात्री मुसळधार पावसात एक विमान उतरल्यानंतर मुख्य पट्टीच्या टोकापलीकडे घसरत जाऊन चिखलात रुतले. ते बाहेर काढून पट्टी पूर्ववत होईपर्यंत कित्येक दिवस सारी वाहतूक दुसऱ्या पट्टीवर आली, आणि वर्सोवा-अंधेरीच्या बाजूस, जेथे एरवी उतरणारी विमाने क्वचितच डोक्यावर दिसतात, तेथे ती अहोरात्र दिसू लागली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून पुढील मार्चपर्यंत पृष्ठभागाच्या दुरुस्तीसाठी मुख्य पट्टी दिवसाचे काही तास बंद ठेवण्याची तजवीज झाली, तेव्हाही हाच अनुभव आला. कोणाच्या घरावरची विमाने हलवून दुसऱ्याच्या घरावर घालण्याचा हेतू यात नव्हता. ज्या पट्टीवर डांबराचे काम चालू आहे तीवर विमान उतरवता येत नाही, इतकेच. शिवाय दुसरी पट्टी आखूड, तिची तासाची क्षमता सुमारे ३५ विमानांची, आणि तिच्या आग्नेय दिशेस ट्रॉम्बेची टेकडी आणि जेथील आकाश विमानांना मनाईचे आहे असे भाभा अणुसंशोधन केंद्र; तेव्हा निकड असल्याखेरीज तिचा आश्रय घेण्यात कोणाचाच लाभ नाही.

मग हा निर्णय घेतो कोण? विमान कंपनी इंधन वाचवण्यासाठी हवी ती वाट धरते, असे कोणी म्हणतात. विमानतळ चालवणारी कंपनी ठरवते, असे दुसरे म्हणतात. आणि अमक्या वस्तीत वजनदार मंडळी राहतात म्हणून तिकडची विमाने इकडे वळवली, ही कुजबूज तर प्रत्येक उपनगरात ऐकू येते. मुंबईत धावपट्टी निवडण्याचा आणि विमानांना मार्ग देण्याचा अखत्यार भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या हवाई वाहतूक नियंत्रकांचा आहे. पुण्याला लोहगाव येथे तो हवाई दलाकडे, आणि गोव्यात दाबोळीला नौदलाकडे. अतिमहत्त्वाच्या व्यक्तीच्या प्रवासासाठी वाहतूक काही काळ थोपवली जाते हे खरे. परंतु वाऱ्याविरुद्ध उतरण्याचा नियम कोणाच्या बंगल्यासाठी शिथिल करता येत नाही, कारण त्याची किंमत विमानातील दीड-दोनशे माणसांनी द्यावी लागेल.

नेमलेली वाट सोडण्याचे प्रसंगही येतात. मे महिन्यात वळवाचे ढग सह्याद्रीवर उभे राहिले की त्यांना वळसा घालण्याची अनुमती वैमानिक मागतो आणि नियंत्रक ती देतो. एकामागून एक येणाऱ्या विमानांत सुरक्षित अंतर राखण्यासाठी कोणाला थोडे लांबून आणले जाते, कोणाला आकाशात घिरट्या घालीत थांबवले जाते. उतरता उतरता विमान गर्जना करीत पुन्हा वर चढले म्हणजे मोठा अपघात टळला असे बघणारे समजतात. बहुधा पुढचे विमान पट्टीवरून बाजूस व्हायचे राहिलेले असते, किंवा वाऱ्याचा झोत अकस्मात बदललेला असतो, आणि अशा वेळी वर चढणे हेच वैमानिकाला शिकवलेले कर्तव्य असते. घिरट्या घालणारी विमाने वस्तीवर इंधन सांडतात ही समजूतही निराधार आहे: मुंबईत सर्वाधिक दिसणाऱ्या एअरबस ए-३२० आणि बोइंग ७३७ या जातींच्या विमानांत हवेत इंधन सोडून देण्याची यंत्रणाच नसते. पावसाळ्यात पंखांवर जो पांढरा धूसर पट्टा दिसतो, तो दाब उतरल्यामुळे दमट हवेतील बाष्पाचे सूक्ष्म जलकण होऊन क्षणभर तयार झालेला ढग असतो.

कित्येकदा वाट बदललेलीच नसते, आणि तरी ती बदलल्याचा भास होतो. हिवाळ्याच्या पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते. अशा स्थितीत वर जाणारा ध्वनी वाकून पुन्हा जमिनीकडे येतो, आणि डिसेंबरात दूरचे विमानही खिडकीशी आल्यासारखे वाटते. डोळ्यांचीही अशीच फसगत होते. बोइंग ७७७ च्या मोठ्या प्रकाराच्या पंखांचा विस्तार जवळजवळ ६५ मीटर आणि ए-३२० चा ३६ मीटरांहून किंचित कमी; तेव्हा ५४० मीटर उंचीवरचे मोठे विमान ३०० मीटरांवरच्या लहान विमानाएवढे दिसते आणि "आजकाल विमाने फार खालून जातात" असा समज दृढ होतो. प्रत्यक्षात अवतरणाचा उतार सामान्यतः तीन अंशांचा असतो. टेकण्याच्या जागेपासून तीन किलोमीटरांवर, म्हणजे घाटकोपरच्या आसपास, विमान सुमारे दीडशे मीटरांवर असणे हे नियमाप्रमाणेच आहे.

मात्र सर्वच बदल तात्पुरते किंवा भासमान असतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. इतक्या जवळ दोन विमानतळ असले म्हणजे त्यांची विमाने एकाच उंचीवर एकमेकांच्या आड येऊ नयेत असाच मार्गांचा बंदोबस्त करावा लागतो. अशा फेररचनेत उपग्रहांच्या साहाय्याने विमाने नेमक्या रेषेवरून नेता येतात, त्यामुळे पूर्वी विस्तृत पट्ट्यात विखुरणारा आवाज थोड्या वस्त्यांवर एकवटण्याचा धोका असतो. या प्रश्नाचे उत्तर वारा देत नाही, ते माणसांनी दिले पाहिजे; आणि ते मागण्याचा त्या वस्त्यांना पूर्ण हक्क आहे.

म्हणून ज्यांना तक्रार करावयाची आहे त्यांनी "विमानांचा फार त्रास होतो" एवढेच लिहून थांबू नये. तारीख, मिनिटांसह वेळ, आपले ठिकाण, विमान कोणीकडून कोणीकडे गेले आणि ते उतरत होते की चढत होते, इतके अर्जात नोंदवावे. तेवढ्यावरून त्या घटकेस कोणती पट्टी आणि का वापरात होती याचा खुलासा प्राधिकरणाकडून मागता येतो. आणि पट्टी नियोजितपणे बंद राहणार असली म्हणजे वैमानिकांना जी सूचना आगाऊ धाडली जाते, तीच सोप्या मराठीत त्या त्या भागातील रहिवाशांनाही मिळावी, अशी मागणी नागरिकांनी आपल्या नगरसेवकाकडे आणि खासदाराकडे आग्रहाने करावी.