कूलर ‘थोडा करंट मारतो’ म्हणजे नेमकं किती?

उन्हाळ्यात दुधनीत घरोघरी लोखंडी कूलर सुरू होतात. पाणी भरताना हाताला झिणझिण्या आल्या की म्हणतात, ‘थोडा करंट मारतोच तो.’ हा ‘थोडा’ किती, याचा हिशोब नववीच्या विज्ञानातल्या ओहमच्या नियमाने होतो. वर्गात आम्ही तो टाकीवरून शिकवतो. टाकीची उंची म्हणजे व्होल्ट, नळातून येणारी धार म्हणजे अँपिअर आणि पाइपात अडकलेला कचरा म्हणजे रोध, ओहम.

घरात दाब 230 व्होल्टचा. ओल्या अंगाचा रोध ढोबळमानाने 1000 ओहम धरा. 230 भागिले 1000, म्हणजे 0.23 अँपिअर, अर्थात 230 मिलिअँपिअर. दहा-पंधरा मिलिअँपिअरलाच मूठ आवळली जाते, हात सुटत नाही. शंभराच्या आसपास हृदयाची लय बिघडून जान जाऊ शकते.

‘आमच्याकडे एमसीबी आहे ना!’ असं पालक हमखास म्हणतात. पण 16 अँपिअरचा एमसीबी पडायला 16000 मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह लागतो. तो वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नव्हे.

माणसासाठी आधी अर्थिंग. कूलरच्या बॉडीला जोडलेली हिरवी वायर गळका करंट सोप्या वाटेने जमिनीत नेते. थ्री-पिनची जाड पिन त्यासाठीच लांब असते, म्हणजे ती सगळ्यात आधी जोडली जाते. ती काढून दोन पिनवर कूलर चालवणं हा आपल्याकडचा जुना रोग. शिवाय इथली काळी माती मे महिन्यात भेगाळते आणि कोरड्या मातीचा रोध वाढतो. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावं.

दुसरं, आरसीसीबी. यात एका कड्यातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही जातात. गेलेला आणि परतलेला करंट सारखा असला तर ठीक. 30 मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे कुणाच्या तरी अंगातून तो जमिनीत जातोय, की पापणी लवायच्या आत लाईन बंद. लग्नाच्या लाईटिंगवर आपण जेवढं उडवतो, त्याच्या थोड्याशा हिश्शात हे बसतं. त्यावरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघावं. मात्र एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरलं, तर त्यालाही फरक कळत नाही.

वायरमन येईपर्यंत एवढं करा: पाणी भरताना नुसतं बटण बंद करू नका, प्लगच काढा. बटण चुकून न्यूट्रलवर जोडलेलं असेल, तर ते बंद करूनही कूलरमध्ये फेज राहतोच.