ड्राफ्ट, बाटली की कॅन?

टॅपमधून उतरलेली ड्राफ्ट बिअर सर्वांत सरस, तिच्याखाली बाटली आणि कॅन अगदी शेवटी, अशी उतरंड बिअर पिणाऱ्यांच्या मनात पक्की बसलेली असते. 2009 साली पुण्यात डूलाली ही महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि जिथे बनते तिथेच बिअर प्यायला मिळू लागली; ड्राफ्ट म्हणजे ताजी, या समजाला त्यामुळे आणखी जागा मिळाली. पण चव टिकते ती भांड्याच्या नावावर नव्हे. टाकीतून निघाल्यापासून ओठाला लागेपर्यंत उजेड, हवा, उष्णता आणि अस्वच्छता यांपासून बिअरला किती जपलं, यावर सगळं ठरतं. या कसोटीवर तिन्ही घासून पाहिल्या, की उतरंड बरीच हलते.

आधी उजेड घेऊ. बिअरला कडवटपणा येतो हॉप्सच्या फुलांतून. या कडू द्रव्यांवर निळा-जांभळा उजेड पडला की बिअरमध्येच असलेल्या रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाच्या मध्यस्थीने गंधकाचं एक उग्र संयुग तयार होतं. एका लिटरमध्ये ते ग्रॅमचे काही अब्जांश भाग असलं तरी नाकाला कळतं. तपकिरी काच असा उजेड बऱ्यापैकी अडवते, हिरवी फार थोडा आणि पारदर्शक जवळजवळ नाहीच. काही कंपन्या अशा बाटल्यांसाठी प्रक्रिया केलेला हॉप्सचा अर्क वापरतात, पण सरसकट तसं नसतं. दुसरा शत्रू हवा. 1892 मध्ये विल्यम पेंटरने पेटंट घेतलेलं दातेरी पत्र्याचं टोपण आजही बाटलीवर बसतं. त्याच्या आतल्या अस्तरातून अतिशय सावकाश का होईना, प्राणवायू आत शिरतो. दिवस उलटले की बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येऊ लागतो. उन्हाळ्यात तापलेल्या गोदामात हा बिघाड कितीतरी लवकर होतो.

कॅनमध्ये उजेड शिरत नाही आणि दुहेरी मुडपलेल्या कडेतून हवाही जवळपास शिरत नाही. 24 जानेवारी 1935 रोजी अमेरिकेतल्या रिचमंड शहरात क्रूगर कंपनीची कॅनमधली बिअर पहिल्यांदा विक्रीला आली, तेव्हापासून एक आक्षेप तिच्या मागे लागला आहे: पत्र्याची चव लागते. आजच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कॅनला आतून पातळ लेप दिलेला असतो, त्यामुळे बिअरचा धातूशी संबंधच येत नाही. धातूचा भास होतो तो कॅनला थेट ओठ लावल्यामुळे. ग्लासात ओतली की तो जातो. कॅन भरतानाच निष्काळजीपणे हवा आत राहिली, तर मात्र पुढची सगळी राखण वाया जाते, हे मान्य केलं पाहिजे.

मग ड्राफ्टचा मान खोटा आहे का? नाही. पोलादी पिंपात उजेड पोचत नाही आणि कार्बन डायऑक्साइडच्या दाबाखाली हवेलाही वाव नसतो. शिवाय बाटल्या आणि कॅन साधारण 60 अंश सेल्सिअसला काही मिनिटं तापवून त्यांतले जंतू मारण्याची पद्धत आहे. लुई पाश्चरच्या संशोधनातून ती रुजली. ड्राफ्ट बिअर अनेकदा न तापवता भरतात, म्हणून तिचा स्वाद अधिक टवटवीत लागतो. पण म्हणूनच ती नाजूकही असते. ती सतत तीन-चार अंशांवर ठेवावी लागते, आणि पिंप व ग्लास यांच्यामध्ये एक लांब नळी असते. तिच्या आतल्या भिंतीला यीस्ट आणि जिवाणू चिकटून बसतात. मग बिअरला आंबूस किंवा लोण्यासारखा वास येतो. अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनची शिफारस आहे की या नळ्या दर 14 दिवसांनी रसायनाने धुवाव्यात. ग्लासचंही तसंच. स्वच्छ ग्लासात प्रत्येक घोटानंतर फेसाचं एकेक कडं काचेवर उमटत जातं. तेलकट ग्लासात फेस लगेच बसतो, आणि धड न धुतलेल्या काचेला बुडबुडे चिकटून राहतात.

ड्राफ्टचा फेस आणि मऊपणा बंद डब्यात येणारच नाही, असंही म्हटलं जातं. गिनेसने 1980च्या दशकाच्या अखेरीस कॅनमध्ये नायट्रोजन सोडणारी छोटी पोकळ कळ बसवली आणि तो दाट फेस घरच्या ग्लासात आणला. जपानमध्ये तर 1979 पासून ड्राफ्ट बिअरची व्याख्याच ‘न तापवलेली बिअर’ अशी आहे. ती पिंपात आहे की कॅनमध्ये, याला तिथे महत्त्व नाही. त्यामुळे उतरंड लावायचीच, तर निगेची लावावी. पहिला मान नियमित नळ्या धुणाऱ्या आणि पिंप लवकर संपणाऱ्या टॅपचा. त्याची खात्री नसेल, तर नुकत्याच भरल्याची तारीख असलेला थंड कॅन. मग तपकिरी बाटली. आणि दुकानाच्या फ्रिजमध्ये दिव्याखाली महिनोन्‌महिने उभी असलेली हिरवी बाटली सर्वांत शेवटी, मग तिच्यावरचं लेबल कितीही देखणं असो.