ऊद : काळ्या, धुरकट सुगंधाचा व्यापार

ईद जवळ आली की बीड शहरात मशिदींबाहेर अत्तराच्या पेट्या उघडतात. गुलाब, मोगरा, खस यांचे गिऱ्हाईक ठरलेले आहे. परंतु आता तरुण मंडळी “ऊद आहे का?” असे विचारू लागली आहेत. आखाती देशांत नोकरी करून परतलेल्यांनीही ही आवड सोबत आणली. माल महाग आहे आणि फसगतीला वावही मोठा आहे. म्हणून आमच्या लहान दुकानदार बांधवांना त्याची नीट ओळख असावी, असे आम्हांस वाटते.

प्रथम नावाचा घोळ दूर करू. आपल्याकडे ऊद म्हणजे निखाऱ्यावर टाकावयाचा लोबान. बाळ-बाळंतिणीला धुरी देतात ती त्याचीच. उदबत्ती या शब्दातही तोच ऊद आहे. अरबस्तानात मात्र ऊद म्हणजे अगराचे लाकूड, आणि त्याचे तेल म्हणजे दहनुल ऊद. दोन्हींच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अगराचे झाड आसाम व ईशान्य भारतात होते. निरोगी झाडाचे लाकूड फिकट असते, त्याला फारसा वास नसतो. खोडाला इजा होऊन बुरशी शिरली की झाड स्वतःच्या बचावासाठी गडद राळ तयार करते. राळेने भरलेले हे काळपट लाकूडच मोलाचे. आसामातील होजाई ही या व्यापाराची नावाजलेली पेठ होय. लाकूड बारीक करून कित्येक दिवस पाण्यात भिजवितात आणि मग भट्टीवर चढवून वाफेतून तेल काढतात. तेल अगदी थोडे निघते. जंगलातील झाडे बेसुमार तुटल्यामुळे १९९५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे नियंत्रण आहे.

या तेलाचा स्वभाव गुलाबासारखा नाही. पहिला वास उग्र. कमावलेल्या चामड्याची, कधी गोठ्याची आठवण देणारा. नवखा माणूस नाक मुरडतो. अर्ध्या तासाने मात्र लाकडाचा गोडवा आणि विझत्या धुराचा गंध वर येतो. कपड्यावर तो दिवसेंदिवस टिकतो. २००२ साली फ्रान्सच्या ‘इव्ह सां लोराँ’ने ‘एम सेव्हन’ या अत्तरात ऊदाचा गंध आणला. त्यानंतर युरोपच्या बड्या दुकानांतही त्याची चाल वाढली.

धुरकट वासाचा दुसरा मार्ग कनौजकरांचा आहे. ते लोबान, राळ, नख म्हणजे शिंपल्याचे तुकडे मातीच्या भांड्यात कोरडेच तापवून त्यांचा धूर थंड करतात. त्या अर्काला चोया म्हणतात. मिश्र अत्तरात त्याचे दोन-चार थेंबही पुरतात.

आता व्यवहाराचे बोलू. स्वस्तात मिळणारा ‘ऊद’ बहुधा रासायनिक असतो. तो विकण्यात गैर काही नाही. तो अस्सल म्हणून विकणे गैर आहे. बाटलीवर ‘ऊदाच्या वासाचे अत्तर’ असे स्पष्ट लिहावे. गिऱ्हाइकाच्या मनगटावर किंचित लावून त्याला बाजारात एक फेरी मारून येण्यास सांगावे. पहिल्याच वासावर सौदा करू नये. तेल गडद असल्याने पांढऱ्या कुडत्यावर डाग पडतो, हेही आधीच सांगावे. बाटल्या गडद काचेच्या असाव्यात आणि उन्हापासून दूर ठेवाव्यात. उन्हाळ्यात खस व मिट्टी अत्तर चालते; ऊद, हिना आणि शमामा हा थंडीचा माल. तेव्हा चैत्र-वैशाखात त्यात भांडवल अडकवू नये.

एक तोळा म्हणजे सुमारे साडेअकरा ग्रॅम. तेवढ्या मालात खोटेपणा केला तर नफा हातोहात मिळेल, पण बीड, परळी, अंबाजोगाईसारख्या गावांत गिऱ्हाईक आणि त्याचे नातलग पुन्हा त्याच रस्त्याने येणार असतात. ऊदाचा वास कपड्यावर काही दिवस राहतो. फसवणुकीचा बोभाटा मात्र दुकानाला जन्मभर चिकटतो.