वीस ते पन्नास : गाडीचं अवघड वय

एचएसआरपी, म्हणजे सुरक्षा नंबरपाट्या बसवायला मुदतवाढीवर मुदतवाढ झाली, ती सगळ्यांनीच अनुभवली. त्यातच ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांपुढच्या मोटारीच्या रीपासिंगचं शुल्क ५ हजारांवरून १० हजारांवर नेलं, मोटारसायकलचं २ हजारांवर. गाडी जुनी झाली की विकून मोकळं होणाऱ्याला याचं फारसं काही वाटणार नाही. पण शिरूर-दौंड पट्ट्यात वडिलांची फियाट, मळ्यातली जीप, आजोबांची राजदूत जिवापाड जपणारी माणसं आहेत. त्यांचं गणित या आकड्याने बिघडवलं आहे.

सरकारला जुन्या गाड्यांची कदर नाही, असं म्हणता येत नाही. जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम आले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपातली गाडी असेल तर ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक मिळतो. नोंदणीला २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला फक्त ५ हजार. पन्नाशी गाठलेल्या गाडीचा मान राखला गेला, याचा आनंदच आहे. पण तिथवर पोचायचं कसं? विशीनंतर दर ५ वर्षांनी १० हजार, म्हणजे पन्नाशीपर्यंत पन्नास-साठ हजार नुसत्या शुल्कात जाणार. हरित कर, विमा, डेंटिंग-पेंटिंग वेगळंच. तिशीतल्या गाडीला बाजारात किंमत नसते, घरात जागा नसते आणि भंगारवाला नेमका तेव्हाच दारात येतो. आपल्याकडच्या बहुतेक चांगल्या गाड्या याच वयात गेल्या.

शिवाय व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. प्रीमियर पद्मिनी घेऊन दौंडच्या बाजाराला जाणाऱ्या माणसाला या नोंदणीचा उपयोग नाही. त्याचं प्रेम गाडी चालवण्यावर आहे.

शिरूर तालुक्याला हा विषय जास्त जवळचा, कारण इथे गाड्या तयार होतात. रांजणगावच्या एमआयडीसीत फियाट आणि टाटांच्या भागीदारीतल्या कारखान्यातून २००९ मध्ये लिनिया आणि पुंटो बाजारात आल्या. खप बेताचाच राहिला. पण ज्यांनी घेतल्या, त्यांच्यापैकी अनेकांनी अजून सोडलेल्या नाहीत. जड पण नेमकं स्टिअरिंग, बंद होताना दाराचा येणारा भरीव आवाज, वेगातही रस्ता धरून चालणं : दोन फियाटवाले भेटले की बोनेट उघडं आणि बोलणं याच्यावरच. २०१५ ची अबार्थ पुंटो तर माझ्या मते रांजणगावातून निघालेली सर्वांत देखणी आणि सर्वांत अवखळ गाडी. १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ अश्वशक्ती, नाकावर विंचवाची खूण आणि सुरुवातीची किंमत १० लाखांच्या आत.

१ एप्रिल २०२० ला बीएस-६ निकष लागू झाले, तोवर फियाट नावाच्या गाडीचा इथला प्रवास आटोपला होता. आता त्याच कारखान्यात जीप कंपास बनते. जुन्या मालकांचं नशीब एवढंच की फियाटचं १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन टाटांच्या व्हिस्टा-मांझात होतं आणि मारुतीच्या स्विफ्टमध्येही. त्यामुळे इंजिनाचं काम शिक्रापूरपासून पाटसपर्यंत कुठलाही बरा मिस्त्री करतो. हेडलाइट फुटला, बंपर तुटला की मात्र वणवण सुरू. पहिल्या लिनिया २०२९ मध्ये विशीत जातील आणि व्हिंटेज व्हायला २०५९ उजाडेल. मधली ३० वर्षं त्या कोणाच्या भरवशावर काढणार?

पद्मिनीचं काय झालं ते आपण पाहिलंच. दौंडला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यात ज्यांच्या नावाचं वालचंदनगर वसलं, त्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्यात आधी डॉज, प्लिमथ, डिसोटो जुळवल्या जात, मग फियाट ११०० आली आणि तिचीच पुढे पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगलाच गिअर. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ ची. टॅक्सीची २० वर्षांची मर्यादा भरली आणि २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. एके काळी हजारोंनी असलेली गाडी आता शोधावी लागते.

जर्मनीने यावर १९९७ मध्येच उपाय काढला. गाडी ३० वर्षांची आणि मूळ रूपातली असेल तर तपासणीनंतर पाटीवर ‘एच’ अक्षर मिळतं. मोटारीला वर्षाचा ठोक कर १९१ युरो आणि गाडी रोज चालवायलाही मोकळीक. आपल्याकडेही तिशीची अशी पायरी हवी. धूर ओकणारी गाडी थांबवायलाच हवी, त्यासाठी पीयूसी आणि फिटनेस तपासणी आहेच. तज्ज्ञांचीही वाण नाही : पुण्यात एआरएआय, अहिल्यानगरला व्हीआरडीई या वाहन संशोधन संस्था आणि त्या दोघींमधल्या रस्त्यावरच शिरूर.

तोवर जपणाऱ्यांनी एक पथ्य पाळावं. पेट्रोल परवडेना म्हणून या भागातल्या कितीतरी हाय बोनेट जीपचं मूळ इंजिन उतरवून डिझेल इंजिन बसवलं गेलं. व्हिंटेज नोंदणीला चेसिस, बॉडी किंवा इंजिनातला मोठा बदल चालत नाही. असं उतरवलेलं इंजिन तुमच्या गोठ्यात किंवा शेडमध्ये पडून असेल तर ते किलोवर विकू नका, आणि जुनं आरसी बुक कितीही फाटलेलं असलं तरी टाकू नका.