ओठ हलव, आवाज नको

शाळेतले सूर : भाग 6

मागच्या आठवड्यात आपण पहिली ते चौथीच्या कवितांपाशी थांबलो होतो. त्या वर्गांत सगळेच गातात. बेसूर, खड्या आवाजात, खिडकीबाहेर बघत, पण गातात. गाणारे आणि न गाणारे अशी वाटणी होते ती नंतर, सहावी-सातवीत. स्नेहसंमेलनाची तालीम चालू असते, बाई रांगांमधून कान लावत फिरतात आणि एखाद्या मुलाजवळ थांबून हलक्या आवाजात म्हणतात, "तू नुसते ओठ हलव हं."

सातवीत तो मुलगा मी होतो. मी ओठ हलवले. पुढे कित्येक वर्षं गणपतीच्या आरतीतसुद्धा मी ओठच हलवत राहिलो.

बाईंचा कान खोटा नव्हता. माझा सूर लागत नव्हताच. फक्त त्याचं कारण बाईंनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. बारा ते चौदा या वयात मुलग्यांचं स्वरयंत्र झपाट्यानं वाढतं. स्वरतंतू लांब आणि जाड होतात, कंठमणी दिसू लागतो, आवाज सुमारे एक सप्तक खाली उतरतो. आपण म्हणतो, आवाज फुटला. मुलींचाही आवाज बदलतो, पण उतरतो दोन-तीन स्वरांइतकाच. काही काळ त्यात हवा मिसळल्यासारखी वाटते. ते कुणाच्या लक्षात येत नाही, आणि "हिचा आवाज बारीक आहे" असं म्हणून विषय मिटतो.

हा बदल एका रात्रीत होत नाही, हे नीट समजून घ्यायला हवं. जॉन कुकसी या अमेरिकन संगीतशिक्षकानं 1970च्या दशकात या स्थित्यंतराचे टप्पे मांडले. मधल्या टप्प्यांत मुलाच्या गळ्यात मोजकेच स्वर भरवशाचे उरतात. आता आपल्या शाळेतली पेटी डोळ्यांसमोर आणा. मुलींना सोयीची म्हणून बाईंनी काळी चार धरली आहे. या मुलाला मधल्या सप्तकात बरंच गाता येतं, पण तार षड्ज आला की गळा चिरकतो. मग तो घाबरून एक सप्तक खाली जाऊ बघतो, तर तिथला सा अजून त्याच्या गळ्यात उतरलेलाच नसतो. वर दार बंद, खाली जिना अर्धवट. तो मध्येच कुठेतरी एक सूर पकडून गुणगुणत राहतो, आणि बाईंचं लक्ष नेमकं तिथेच जातं.

उपाय काही फार अवघड नाही. पट्टी काळी चारवरून काळी तीनवर आणली, तरी काही मुलं वाचतात. ज्यांना तेवढ्यानंही जमत नाही, त्यांना षड्ज आणि त्याखालचा मंद्र पंचम धरायला द्यावा, तंबोऱ्यासारखा. गाण्याला खालून आधार मिळतो आणि मुलाला काम मिळतं. गोव्यातल्या चर्चच्या कॉयरमध्ये वरचा, मधला, खालचा असे आवाज वाटूनच दिलेले असतात, त्यामुळे उतरत्या गळ्याला तिथे जागा सापडते. आपलं समूहगान बहुतेक एकाच चालीचं, एकाच सुरातलं. त्याची शोभा वेगळी आहे, पण त्यात फुटत्या आवाजाची सोय मुद्दाम करावी लागते.

ती सोय का करायची? गळा सांभाळायला, हे झालंच. दुसरं कारण वर्गाचं आहे. आपल्याकडे चौथी संपली की कितीतरी मुलं शाळा बदलतात आणि पाचवीत हायस्कूलमध्ये येऊन पडतात. चार शाळांतली चार टोळकी एका वर्गात. त्यांना जवळ आणायला गाणं कामी येतं. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी ऑक्सफर्डच्या संशोधकांनी प्रौढांच्या वर्गांचा सात महिने पाठपुरावा केला. काही वर्ग गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. अखेरीस सगळ्याच वर्गांतल्या माणसांची एकमेकांशी सारखीच जवळीक झाली होती. पण गाणाऱ्यांची ती फार लवकर झाली. अभ्यास मोठ्यांचा होता, तरी पाचवीच्या वर्गशिक्षकाला त्यातलं मर्म कळायला अडचण पडू नये.

आपल्याकडे सगळ्यांनी मिळून गाण्याची परंपरा नाही असंही नाही. संगीतकार वसंत देसाईंनी 'एक सूर, एक ताल' या उपक्रमात शाळकरी मुलांना हजारोंच्या संख्येनं एकत्र गायला लावलं. त्यांनीच 'दो आँखें बारह हाथ' (1957) आणि 'गुड्डी' (1971) या चित्रपटांसाठी बांधलेल्या प्रार्थना देशभरच्या शाळांत पोचल्या. आणि त्याच्या कितीतरी आधीपासून दिंडी आहेच. एक पुढे म्हणतो, बाकीचे टाळकरी मागे धरतात. तिथे निवड चाचणी नसते. खुद्द तुकोबांनी आपल्या पूर्वायुष्याबद्दलच्या अभंगात सांगितलं आहे, की आरंभी अभ्यासात चित्त नव्हतं. संतांची काही वचनं पाठ केली आणि पुढे गाणाऱ्यांच्या मागे धृपद धरलं. मला हे वाक्य समूहगानाच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा मोठं वाटतं.

याउलट आजच्या शाळेत समूहगान म्हणजे स्पर्धेचा संघ. आठ चांगले आवाज, सारखे फेटे, एक ढोलकी, एक करंडक. मला स्पर्धेचा राग नाही. पण आठ जणांना गायला लावून शाळेतल्या उरलेल्या साऱ्यांना प्रेक्षक करणं, हे गाण्याचं शिक्षण म्हणून मी मोजणार नाही. ते आठ जण तसेही गायले असते, घरी किंवा क्लासला. शाळेची गरज नवव्याला असते.

पुढच्या आठवड्यात पेटी नसलेल्या शाळेत सूर कसा द्यायचा ते पाहू. तोवर पालकांनी एक करावं. यंदाच्या पालकसभेत गणिताचे गुण विचारून झाले, की वर्गशिक्षकांना एवढंही विचारा : आमच्या सातवीतले किती जण गातात, आणि किती जण नुसते ओठ हलवतात?