एकट्याने फिरायचं तर पैसे जास्त लागतात?

एकट्याने फिरायला निघालेल्या माणसाला घरात दोन प्रश्न हमखास ऐकावे लागतात. एकट्यासाठी एवढा खर्च कशाला? आणि सोबत कुणी नको का? दोन्हींमागे काळजी असते, पण उत्तरं बहुतेक ऐकीव माहितीवर बेतलेली असतात.

आधी खर्चाचं बघू. बसचं नि रेल्वेचं तिकीट माणशी लागतं. चौघं गेले म्हणून एकेकाचं तिकीट स्वस्त होत नाही. एकट्याला महाग पडतात त्या दोनच गोष्टी, भाड्याची गाडी आणि लॉजची खोली. तिथे पैसे वाटून घ्यायला कुणी नसतं.

गाडीशिवाय मोठी ठिकाणं होतच नाहीत, हा त्यातला सर्वांत खर्चिक गैरसमज. अजिंठ्याचंच घ्या. छत्रपती संभाजीनगरहून लेणी सुमारे शंभर किलोमीटरवर. जळगावकडे जाणारी एसटी फर्दापूरजवळच्या टी पॉइंटला सोडते. तिथून लेण्यांपर्यंतचे चारेक किलोमीटर खासगी वाहनांना बंद आहेत. स्वतःची मोटार घेऊन आलेल्यालाही ती खाली लावून एसटीच्याच बसमध्ये बसावं लागतं. म्हणजे हजारो रुपये मोजून आलेला आणि लाल गाडीने आलेला, दोघं लेण्यांच्या पायथ्याशी एकाच बसमधून उतरतात! वेरूळ तर शहरापासून तीसेक किलोमीटरवर, एसटीच्या वाटेवरच आहे.

एसटीच्या सवलतींबद्दलही अर्धवट माहितीच जास्त. ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास १९८८पासून मिळतो, तरी तो ठाऊक नसलेले प्रवासी अजून भेटतात. १७ मार्च २०२३पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२पासून प्रवास मोफत. या दोन्ही सवलती राज्याच्या हद्दीपुरत्या. त्यामुळे पास काढण्याआधी बाईने अर्ध्या तिकिटाचा हिशेब करून पाहिलेला बरा.

राहिली खोली. काही भक्तनिवासांत एकट्याला खोली देत नाहीत, ही तक्रार खरी आहे. पण पुष्कळ ठिकाणी सामूहिक हॉल असतो, तेवढं फोनवर विचारून घ्यावं. मोठ्या रेल्वे स्थानकांवरच्या विश्रामगृहांत डॉर्मिटरीतली एकच खाटही मिळते. त्यासाठी पक्कं किंवा आरएसी तिकीट लागतं आणि पीएनआर देऊन आरक्षण होतं. बायकांसाठी ही सोय प्रत्येक स्थानकावर नसते, हेही आधी पाहावं.

आता सोबतीचं. एकटी बाई गाडीत म्हणजे कायद्याने वाऱ्यावर सोडलेली, असं अनेकांना वाटतं. रेल्वे कायदा, १९८९ मधलं कलम १३९ वेगळं सांगतं. पुरुष सोबत नसलेल्या स्त्रीला तिकीट नाही म्हणून उतरवायचं झालं, तरी ते तिचा प्रवास सुरू झालेल्या स्थानकावर, जंक्शनवर, शेवटच्या स्थानकावर किंवा जिल्ह्याच्या मुख्यालयाच्या स्थानकावरच करता येतं. आणि तेही फक्त दिवसा. रात्री आडगावच्या फलाटावर तिला उतरवणं बेकायदा आहे. हे कलम प्रत्येक मुलीला शाळेतच सांगायला हवं. याचा अर्थ धोका नसतोच असा नाही. नव्या गावी उजेडात पोहोचावं, निदान पहिल्या रात्रीची जागा ठरवून निघावं.

एकट्याने भटकणं हे हल्लीचं परदेशी खूळ, असंही म्हटलं जातं. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९ मध्ये बुद्धाचा धर्म शोधायला घर सोडून निघाले. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले, नेपाळ पाहिलं आणि सिलोनपर्यंत पोहोचले. खिशात पैसा नव्हता, हाती आरक्षण नव्हतं.

अजिंठा-वेरूळला निघणाऱ्यांनी वार मात्र नक्की पाहावा. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. आणि रेल्वेत अडचण आली तर फिरवायचा क्रमांकही १३९च आहे.